आवक वेगळी, शिल्लक वेगळी

स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या दोन आठवड्यांच्या ठरावीक टप्प्याच्या, दहाव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, उरलेले काम दाखवणाऱ्या आमच्या बर्नडाऊन आलेखाची रेषा १३ वर येऊन थांबली. दोन आठवड्यांपूर्वी ती ४० वरून निघाली होती. आढावा बैठकीत आमच्या संचालकांनी आलेखाकडे पाहिले, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणाले, "म्हणजे चाळीसपैकी सत्तावीस झाले. तेरा राहिले." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडी काळजी होती. वजाबाकी अचूक होती, पण तिच्यातून निघालेला अर्थ साफ चुकीचा होता, कारण त्या दहा दिवसांत आमच्या सहा जणांच्या गटाने ३७ पॉइंटांचे काम पूर्ण केले होते. (पॉइंट म्हणजे काम किती मोठे, हे अंदाजाने मोजायचे आमचे माप.)

चाचणीचे काम पाहणारी आमच्या गटातली मुलगी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली आहे. बैठकीत ती सहसा बोलत नाही. त्या दिवशी मात्र सगळे उठायच्या बेतात असताना तिने विचारले, "मॅडम, बुधवारी आपण रात्री साडेदहापर्यंत बसून परताव्याचं काम संपवलं, ते ह्या रेषेत कुठं दिसतंय?" मी आलेखाकडे पाहत राहिले. परताव्याचे, म्हणजे ग्राहकाच्या न खपलेल्या मालाच्या परतीचे, ते काम ८ पॉइंटांचे होते. स्प्रिंट सुरू झाल्यानंतर, पाचव्या दिवशी, ते यादीत आले. तेव्हा रेषा वर गेली. आठव्या दिवशी ते पूर्ण झाले. तेव्हा रेषा खाली आली. सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोनच आकडे पाहणाऱ्यासाठी ते काम आलेही नव्हते आणि झालेही नव्हते. रात्री साडेदहापर्यंत बसलेल्या माणसांच्या वाट्याला त्या कागदावर शून्य आले होते.

हे लिहायला बसले आहे ते तिच्या त्या प्रश्नामुळे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी गटाचे नियोजन पाहते. आलेख काढणे, तो रोज सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे छोट्या बैठकीला, सगळ्यांसमोर ठेवणे आणि त्याचा अर्थ वरपर्यंत पोचवणे हे माझेच काम आहे. म्हणून तिच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारीही माझीच होती.

आधी हिशेब नीट मांडते. स्प्रिंटच्या पहिल्या दिवशी आम्ही ४० पॉइंटांचे काम हाती घेतले. मधल्या दिवसांत १४ पॉइंटांचे काम नव्याने आले आणि ४ पॉइंटांचे एक काम ग्राहकानेच "आता नको" म्हणून काढून घेतले. म्हणजे एकूण काम झाले ५०. त्यातले ३७ पूर्ण झाले, १३ राहिले. बर्नडाऊन आलेख या सगळ्या आकड्यांपैकी फक्त शेवटचा दाखवतो. तो शिल्लक दाखवतो. शिल्लक कमी झाली तर ती काम झाल्याने झाली की काम काढून टाकल्याने, आणि ती अडून बसली तर माणसे अडली की नवीन काम येत राहिले, हे त्या एका रेषेला सांगताच येत नाही. चौथ्या दिवशी आमची रेषा ३१ वर होती आणि पाचव्या दिवशी ३४ वर गेली. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, गटाने त्या दिवशी काम उलटे केले. प्रत्यक्षात त्या दिवशी ५ पॉइंट संपले होते आणि ८ आले होते.

मला याची सर्वांत जास्त खंत वाटली, कारण शिल्लक आणि आवक वेगळ्या रकान्यांत लिहायची असते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांची बरीचशी नोकरी पैठणला झाली. १९६५ साली पायाभरणी झालेले आणि १९७६ साली लोकार्पण झालेले जायकवाडी धरण आमच्या घरात एखाद्या वडीलधाऱ्या नातेवाइकासारखे होते. त्याची तब्येत रोज विचारली जायची. निवृत्त झाल्यावरही आप्पांनी नोंदवही सोडलेली नाही. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. पट्टीने आखलेले रकाने. तारीख, आवक, विसर्ग, बाष्पीभवन आणि साठा. आवकीचा रकाना लाल शाईचा, बाकीचे निळे. पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर धरणाची चौकट येते, ती चष्म्याच्या टोकाशी धरून ते वहीत उतरवतात आणि एखाद्या दिवशी चौकट आलीच नाही, तर तो रकाना मोकळा ठेवतात, अंदाजाने भरत नाहीत.

मराठवाड्यात "जायकवाडी किती टक्के?" हा प्रश्न चहाच्या टपरीवरही विचारला जातो. ती टक्केवारी जिवंत साठ्याची असते. तो पूर्ण भरला म्हणजे २१७१ दशलक्ष घनमीटर, आणि त्याखाली ७३८ दशलक्ष घनमीटरांचा मृतसाठा वेगळाच. पण समजा, सप्टेंबरात साठा सलग तीन दिवस ९८ टक्क्यांवर आहे. या एका आकड्यामागे दोन निरनिराळ्या गोदावऱ्या असू शकतात. एकीत पाऊस थांबलेला आहे, दरवाजे बंद आहेत आणि पाणी आहे तिथेच उभे आहे. दुसरीत नाशिककडून लोंढा येतो आहे, जेवढे येते तेवढे खाली सोडले जाते आहे आणि पैठणपासून नांदेडपर्यंत नदीकाठच्या लोकांना सावध केले जाते आहे. टक्केवारी तीच. म्हणून धरणावर कोणीही नुसती टक्केवारी पाहून निर्णय घेत नाही. आवक किती क्युसेक आणि विसर्ग किती क्युसेक, हे शेजारी लिहिलेले असावेच लागते.

आमच्या आलेखातली रेषाही अशीच होती आणि मी ती नुसत्या टक्केवारीसारखी वाचून दाखवत होते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे जास्त सोपे असते, कारण ती दिसायला सुखद असते. उन्हाळ्यात कालवे बंद असले तरी जायकवाडीचा साठा उतरतो. पसरट, उथळ जलाशय आणि मराठवाड्याचे ऊन. एकाही शेताला पाणी मिळालेले नसते आणि वहीतला साठ्याचा आकडा रोज थोडा थोडा घटत असतो. आमच्या स्प्रिंटमधले ते ४ पॉइंट असेच उडून गेले. त्या दिवशी रेषा छान खाली आली होती आणि स्टँडअपला मी समाधानाने म्हटले होते, "आज बरी प्रगती आहे." प्रगती काहीच नव्हती. काम काढून टाकल्याने रेषा उतरली होती. अनेक प्रकल्पांच्या शेवटच्या आठवड्यात रेषा अचानक कड्यावरून उडी मारल्यासारखी शून्याकडे जाते, त्यामागे बहुतेक वेळा गटाचा वेग वाढलेला नसतो. कामे पुढे ढकललेली असतात. ती ढकलणे हा योग्य निर्णय असू शकतो. पण तो निर्णय म्हणून नोंदला गेला पाहिजे, वेग म्हणून नव्हे.

काम मधेच बदलूच नये, असे मी म्हणत नाही. २००१ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जणांनी मिळून अजाइल या सॉफ्टवेअर घडवण्याच्या लवचीक पद्धतीचा जाहीरनामा तयार केला, त्यासोबतच्या १२ तत्त्वांतले दुसरेच तत्त्व असे आहे की गरजा बदलल्या तर, अगदी उशिरा बदलल्या तरी, त्यांचे स्वागत करावे. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम या स्प्रिंटवर चालणाऱ्या कार्यपद्धतीच्या मार्गदर्शिकेत स्प्रिंटपुरता एक कुंपणाचा नियम आहे: स्प्रिंटच्या उद्दिष्टाला धोका होईल असा बदल करायचा नाही, मात्र जसजसे अधिक कळत जाईल तसतसा कामाचा आवाका प्रॉडक्ट ओनरशी, म्हणजे काय बनवायचे ते ठरवणाऱ्याशी, बोलून स्पष्ट करता येतो, पुन्हा ठरवता येतो. याच मार्गदर्शिकेने २०११ साली दोन गोष्टी बदलल्या, आणि मला त्या दोन्ही मोलाच्या वाटतात. गट स्प्रिंटच्या कामाचे "वचन" देतो ही भाषा जाऊन तो "अंदाज" मांडतो ही भाषा आली. आणि बर्नडाऊन आलेख काढलाच पाहिजे ही सक्तीही गेली. आमच्या बैठकीत "चाळीसपैकी सत्तावीस" हा जो सूर लागला, तो वचनाच्या भाषेतला होता. ४० हा आम्ही पहिल्या दिवशी, त्या दिवशीच्या माहितीवर बांधलेला अंदाज होता. पाचव्या दिवसापासून तो लागू राहिलाच नव्हता.

आणि काम येते कसे, तेही सांगितले पाहिजे. ते पत्राने येत नाही. संध्याकाळी सहा वाजता फोन येतो. आमचा हा ग्राहक जालन्याचा, बियाण्यांच्या व्यापारातला. विक्रेत्यांकडचा साठा, लॉट क्रमांक, मुदत आणि हंगाम संपल्यावर न खपलेल्या पाकिटांचा परतावा, असे सगळे एका जागी दिसावे, असे त्याचे काम होते. माणूस सज्जन, मागणी खरी. "एवढं तेवढं आहे, जाता जाता बसवून टाका की," असे तो म्हणतो, आणि आमच्यातला जो कोणी फोनवर असतो, तो "बघतो" म्हणतो. या "बघतो"मधून ८ पॉइंट आत येतात. ते आले याची नोंद जिरासारख्या, कामांची नोंद ठेवणाऱ्या साधनात आपोआप होते. स्प्रिंट सुरू झाल्यानंतर घातलेल्या कामापुढे अहवालात तारकेची खूण येते. म्हणजे माहिती आमच्याकडे होती. आम्ही अहवाल उघडत नव्हतो, नुसती रेषा पाहत होतो.

पुढच्या सोमवारी मी बर्नडाऊन काढणे बंद केले नाही, पण त्याच्या शेजारी बर्नअप आलेख लावला. त्यात दोन रेषा असतात. खालची रेषा पूर्ण झालेल्या कामाची. ती शून्यावरून निघते आणि वर चढत जाते. वरची रेषा एकूण कामाची. काम आले की ती पायरीसारखी वर जाते, काढले की खाली येते, काहीच बदलले नाही तर आडवी राहते. दोन रेषांमधले अंतर म्हणजे शिल्लक. बर्नडाऊन जे सांगतो ते सगळे यात आहेच, आणि ते अंतर का वाढले किंवा का घटले, तेही आहे. मागच्या स्प्रिंटचा आलेख मी याच पद्धतीने पुन्हा काढला: वरची रेषा ४० वरून ५० वर, खालची शून्यावरून ३७ वर. परभणीच्या त्या मुलीने ३७ च्या ठिपक्यावर बोट ठेवले, पण काही बोलली नाही. आप्पांच्या वहीसारखी वरची रेषा मी लाल पेनाने काढते.

पण स्प्रिंट दोन आठवड्यांचा असतो आणि त्यातली चूक दोन आठवड्यांत विरते. रिलीजचे, म्हणजे तयार सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती देण्याचे, तसे नसते. आमच्या या कामाचे रिलीज मृगाच्या आत व्हायलाच हवे होते, कारण पेरणी सुरू झाल्यावर बियाण्याच्या दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते, मग नवीन सॉफ्टवेअर शिकणे दूरच. मार्चच्या सुरुवातीपासून मेअखेरपर्यंत सहा स्प्रिंट, एकूण २४० पॉइंट, दर स्प्रिंटला ४०, असा साधा सरळ भागाकार होता. एप्रिलअखेर चार स्प्रिंट संपले तेव्हा आम्ही १५२ पॉइंट पूर्ण केले होते, म्हणजे सरासरी ३८. अंदाजाच्या फार मागे नव्हतो. पण एकूण काम २४० वरून ३१० झाले होते. शिल्लक १५८.

इथे एकाच आलेखाच्या भरवशावर राहिले तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. बर्नडाऊनची रेषा चार स्प्रिंटांत २४० वरून १५८ वर आली, म्हणजे दर स्प्रिंटला साडेवीस उतरली. त्याच उताराने ती पुढे ओढली तर शून्यावर यायला आणखी जवळजवळ आठ स्प्रिंट लागतात. रिलीज मृगाला नव्हे, पोळ्याच्या सुमारास जाते. बर्नअपवर तीच शिल्लक ३८ च्या वेगाने भागली तर आणखी साधारण सव्वाचार स्प्रिंट लागतात, पण केवळ वरची लाल रेषा आज आहे तिथे थांबली तर. ती गेल्या चार स्प्रिंटांसारखीच दर वेळी साडेसतराने चढत राहिली, तर ३८ मधून साडेसतरा वजा जाऊन पुन्हा साडेवीसच उरतात आणि उत्तर परत आठच येते. गणितात विरोध कुठेच नाही. पण बर्नडाऊन "आठ" एवढेच सांगून गप्प बसतो आणि ऐकणारा गटाच्या वेगाकडे पाहू लागतो. बर्नअप दाखवतो की आठ आणि सव्वाचार यांतला फरक वेगाचा नाहीच, तो वरच्या रेषेचा आहे, आणि ती रेषा कुठे थांबवायची, हे फोनच्या दोन्ही टोकांना बसलेल्या माणसांनी मिळून ठरवायचे आहे.

तरीही बर्नअपमध्ये एक उणीव राहते, आणि ती मला ग्राहकाकडे जाण्याच्या आदल्या रात्री प्रकर्षाने जाणवली. वाढलेल्या ७० पॉइंटांपैकी ४६ नव्या मागण्यांचे होते. उरलेले २४ आमच्याच अंदाजाच्या चुकीचे होते. लॉट क्रमांक तपासण्याचे काम आम्ही ५ पॉइंटांचे धरले होते. हातात घेतल्यावर कळले की प्रत्येक बियाणे कंपनी पाकिटावर लॉट क्रमांक आपापल्या पद्धतीने छापते, आणि ते काम १३ चे निघाले. काम तेच, मागणी तीच, फक्त आम्हाला ते आता नीट दिसले. लाल रेषेत मात्र दोन्ही प्रकारची वाढ एकसारखी दिसते. नवीन पाणी आले, आणि आधी मोजायचे राहिलेले पाणी आता मोजले, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अजाइल नियोजनावर लिहिणारे माइक कोन यांनी रिलीजसाठी सुचवलेला स्तंभांचा आलेख इथे उपयोगी पडतो. त्यात प्रत्येक स्प्रिंटला एक स्तंभ असतो. काम पूर्ण झाले की स्तंभाचे वरचे टोक खाली येते, आणि आधीच्या कामाचा अंदाज बदलला तरी हालचाल वरच्याच टोकाची होते. पण नवीन काम आले तर स्तंभाचा तळ शून्याच्या खाली उतरतो, काढले तर तळ वर येतो. गटाच्या हातातले वर, बाहेरून आलेले तळाशी. वाचायला तो पहिल्या नजरेला अवघड जातो, म्हणून रोजच्या भिंतीवर मी तो लावत नाही. पण हिशेबाला बसताना त्याच्याइतका प्रामाणिक आलेख मी पाहिलेला नाही, कारण आपले २४ त्याला दुसऱ्याच्या ४६ मध्ये मिसळता येत नाहीत.

"बॅकलॉग", म्हणजे करायच्या राहिलेल्या कामांची यादी, हा शब्द आमच्या क्षेत्रात परदेशातून आला, पण मराठवाड्याच्या माणसाला तो नवा नाही. अनुशेष म्हणून तो आम्ही लहानपणापासून ऐकतो. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा मोजला होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीच्या हिशेबात १९९४ सालचा आकडा सुमारे १४ हजार कोटींवर गेला. मधल्या दहा वर्षांत कामे झालीच नाहीत असे नव्हे. किमती वाढल्या, मोजण्याचे निकष बदलले आणि नव्या बाबी हिशेबात आल्या. यातले किती नवीन, किती महागलेले आणि किती खरोखर न झालेले, हे वेगळे करून मांडले नाही की भांडण फक्त मोठ्या आकड्यावरून होते आणि ज्या गावाला पाणी पोचायचे असते ते बाजूला राहते. आमच्या गटातल्या त्या मुलीचे गाव जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, शेवटाकडे आहे. पैठणहून निघालेला हा कालवा २०८ किलोमीटरचा, आणि कागदावर सुटलेले पाणी टेलला किती पोचते, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी जालन्याला गेलो. मी तिला मुद्दाम बरोबर घेतले. ग्राहकाच्या टेबलावर बियाण्यांची नमुना पाकिटे होती; ती बाजूला सरकवून त्याने आमचा आलेख पसरायला जागा केली. मी आधी आमचे २४ सांगितले, कोणत्या कामात किती चुकलो ते एकेक करून सांगितले, आणि मग त्याचे ४६. लाल रेषेच्या प्रत्येक पायरीवर तिने बारीक अक्षरात तारीख आणि मागणी लिहिलेली होती. तो बराच वेळ एकेक पायरी वाचत राहिला. "हे सगळं मीच सांगितलंय," असे तो म्हणाला, तक्रारीच्या सुरात नव्हे, हिशेब पटल्याच्या सुरात. दोन स्प्रिंटांत आमच्याकडून ७६ पॉइंट होतील, म्हणजे एकूण २२८. ३१० मधले ८२ बाजूला काढावे लागतील, एवढेच मी म्हटले. कोणते काढायचे ते त्याने ठरवले. लॉट क्रमांक आणि परतावा राहिले. तीन नमुन्यांतले छापील अहवाल, मोबाइलवरचे संदेश आणि जुन्या हंगामांची तुलना या गोष्टी त्याने स्वतःच्या पेनाने खोडल्या, आणि मी तिथेच लाल रेषा ३१० वरून २२८ वर आणली. बर्नडाऊनवर हीच घट एका दिवसातली विलक्षण प्रगती म्हणून दिसली असती.

मेच्या शेवटच्या शुक्रवारी खालची रेषा २२८ ला टेकली. त्या दिवशीच्या आढाव्यात संचालकांनी आलेख पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "लाल रेषा मधे खाली आली, तेव्हा काय काढलं?" परभणीच्या मुलीने यादी वाचून दाखवली.

ते ८२ पॉइंट आता वेगळ्या यादीत आहेत, प्रत्येकापुढे मागणीची तारीख आहे. दिवाळीनंतर ग्राहकाबरोबर बसून ती यादी पुन्हा वाचली. छापील अहवाल त्याला हवे होते, पण तीन नमुन्यांत नव्हे, एकाच नमुन्यात पुरले. मोबाइलवरच्या संदेशांची आठवण त्याला झाली नाही, आम्ही करून दिली, तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या, दुकानदार फोनच करतात."